‘कॅपिटेला’चे नाव आणि राहून गेलेला कंस

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. समुद्री दृढरोमी (अंगावर ताठ रोम असलेल्या) कृमींवरील माझ्या लेखावर आपले दोन मोठे आक्षेप आहेत: ‘कॅपिटेला कॅपिटाटा’ हे एका कृमीचे एकच नाव पुरत असताना त्याच्या अनेक जाती पाडणे हा शोधनिबंध वाढवण्याचा उद्योग आहे, आणि आपण परीक्षेत ज्याची लक्षणे लिहिली तो पॉलिकीटा, म्हणजे या दृढरोमी कृमींचा, वर्ग मोडीत काढणे हा पोरखेळ आहे. शिवाय या कृमीच्या नावापुढे फॅब्रिशियसचे नाव मी कंसाविना लिहिले, ही चूकही आपण दाखवली आहे.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. निसर्गअभ्यासक फॅब्रिशियसने हा दोऱ्यासारखा कृमी १७८० मध्ये ग्रीनलंडहून नोंदवला. पुढे जगात कुठेही सडक्या चिखलात तसा कृमी दिसला की तेच नाव लागू लागले आणि तो प्रदूषणाचा निदर्शक ठरला. १९६९ मध्ये अमेरिकेत वेस्ट फाल्मथजवळ तेल सांडल्यावर तेथील चिखलात हे कृमी बेसुमार वाढले. संशोधक ग्रासल दांपत्याने अशा कृमींची विकरे (एन्झाइम) तपासून १९७६ मध्ये दाखवले की एका नावाखाली किमान सहा जाती नांदत होत्या. दिसायला जवळजवळ सारख्या, पण प्रजननाच्या तऱ्हा निरनिराळ्या. त्यांतील पहिलीला ‘कॅपिटेला टेलेटा’ हे नाव मिळाले ते २००९ मध्ये. केवळ निबंध वाढवायचे असते तर कोणी तेहतीस वर्षे थांबले नसते! त्याच वर्षी ग्रीनलंडच्या नमुन्यावरून खऱ्या ‘कॅपिटाटा’चे नव्याने वर्णन होऊन त्या नावाला नवा प्ररूप नमुनाही (ज्याच्याशी ताडून नाव ठरवतात तो नमुना) मिळाला.

वर्गाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तेथे, तो वर्ग मोडीत निघाल्यासारखे सुचवणारे, माझेच वाक्य सैल होते. पॉलिकीटा हे नाव कोणी रद्द केलेले नाही. मात्र गांडुळे आणि जळवा याच कृमींच्या एका शाखेतून निघाल्या असल्यामुळे, त्यांना बाहेर ठेवून केलेला पॉलिकीटा वर्ग वंशावळीच्या दृष्टीने अपुरा राहतो. २०११ मधील जनुकीय अभ्यासाने तर एर्रँशिया (फिरते) आणि सेडेंटेरिया (एका जागी राहणारे) ही या कृमींची जुनी विभागणी, जी मधल्या काळात टाकून दिली होती, पुन्हा उभी केली.

कंसाबद्दल आपण पकडलेली चूक खरी आहे. फॅब्रिशियसने हा कृमी चक्क गांडुळांच्या ‘लुंब्रिकस’ प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घातला होता. प्रजाती नंतर बदलल्यामुळे, नामकरणाच्या नियमाप्रमाणे, कृमीच्या नावापुढे फॅब्रिशियसचे नाव आणि वर्ष कंसातच हवे. ती दुरुस्ती केली आहे.

आपल्या विद्यार्थिदशेतील खाडीच्या नमुन्यांवर अजून ‘कॅपिटाटा’ची चिठ्ठी असेल, तर ती काढू नये; शेजारी ‘कॅपिटेला, जाती अनिश्चित’ अशी दुसरी चिठ्ठी तारखेसह घालावी. फॉर्मालिनमधील नमुन्यातून डीएनए मिळणे कठीण असते, पण नराच्या आठव्या-नवव्या खंडावरील जननकाटे सूक्ष्मदर्शकाखाली आजही पाहता येतील.