‘एज्युकेशन’ म्हणजे ‘बाहेर काढणे’ नव्हे

शिक्षकदिनी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर आलेला मजकूर बी.एड. करणाऱ्या माझ्या भाचीच्या वहीतही जसाच्या तसा सापडला: ‘एज्युकेशन’ हा शब्द ‘एदुकारे’, ‘एदूकेरे’ आणि ‘एदुकातुम’ या तीन लॅटिन शब्दांपासून आला, त्याचा खरा अर्थ ‘आतले बाहेर काढणे’ असा आहे, म्हणून शिक्षकाने मुलाला बाहेरून काही द्यायचे नसते. हेच ती परीक्षेत लिहिणार असल्यामुळे गप्प बसवत नाही.

‘एदुकातुम’ हा तिसरा शब्दच नाही. ते ‘एदुकारे’चेच धातुसाधित रूप आहे.

उरलेली दोन क्रियापदे मात्र खरोखर वेगळी आहेत. ‘मी’ या कर्त्याबरोबर एकाचे रूप ‘एदुको’ आणि दुसऱ्याचे ‘एदूको’ होते. रोमन लिपीत दोन्ही सारखीच दिसतात, पण ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे सारथी हा भेद जाणणाऱ्या मराठी वाचकाला ऱ्हस्व-दीर्घाचे महत्त्व सांगायला नको. पुढची रूपे तर उघडच वेगळी होतात: ‘एदुकारे’चा भूतकाळ ‘एदुकावी’ आणि नाम ‘एदुकातिओ’, तर ‘एदूकेरे’चा भूतकाळ ‘एदूक्सी’ आणि नाम ‘एदूक्तिओ’. इंग्रजी ‘एज्युकेशन’ ‘एदुकातिओ’वरून आले, आणि ‘एदुकारे’ म्हणजे पालनपोषण करणे, वाढवणे. ‘एदूक्तिओ’वरून इंग्रजीत ‘इडक्शन’ हा निराळा शब्द आहे.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या व्हॅरो या रोमन विद्वानाचे एक वाक्य नोनियस मार्सेलस या कोशकाराने जपून ठेवले आहे: सुईण बाहेर काढते, दाई वाढवते, सांभाळणारा सेवक वळण लावतो, गुरू शिकवतो. यातल्या सुईणीसाठी ‘एदूकेरे’ आहे आणि दाईसाठी ‘एदुकारे’. बाहेर काढण्याचे काम सुईणीचे, आणि तेही जन्माच्या वेळचे. दाई मात्र दूध पाजते, म्हणजे बाहेरून देते. ज्या मुलाच्या घरी एकही पुस्तक नाही, त्याच्या बाबतीत ‘सगळे आतच असते’ हे तत्त्व लावले, की न शिकवणाऱ्याला ‘याच्यात मुळात काही नव्हतेच’ असे म्हणायला वाट मोकळी होते, आणि या मजकुराचा मला खरा राग येतो तो याचसाठी.

एवढे मान्य करावे लागेल की दोन्ही क्रियापदे एकाच कुळातली मानली जातात आणि टेरेन्ससारख्या नाटककाराने मूल वाढवण्यासाठी ‘एदूकेरे’ही वापरले आहे. पण तिथेही अर्थ लहानपणापासून वाढवणे हाच आहे, आत दडलेले बाहेर काढणे हा नाही.