शहराचा माणूस मंत्रालयात

महापौर झाल्याबद्दल अभिनंदन. हार सुकले असतील, तर आता दालनातलं कपाट उघडा. तुमच्या शहरानं राज्य शासनाला पाठवलेल्या पत्रांच्या स्थळप्रती तिथे गठ्ठ्यानं सापडतील. वाढीव पाणीकोटा, रखडलेला उड्डाणपूल, रिक्त पदं, विकास आराखड्यात चुकून भरवस्तीवर पडलेलं आरक्षण. प्रत्येक पत्रामागे स्मरणपत्र 1, स्मरणपत्र 2 असा वंशविस्तारही आहे. उत्तरं मात्र शोधू नका. कपाट त्यासाठी नाही.

शहराची बाजू मांडायला कोणी नाही म्हणून असं होतं, हा गैरसमज आधी काढून टाका. उलट माणसं फार झाली आहेत. प्रभागाप्रभागात नगरसेवक आहेत, दोन-तीन आमदार आहेत, खासदार आहेत, पालकमंत्री आहेत, आणि आयुक्त तर खुद्द राज्यानंच पाठवलेले आहेत. एवढ्या सगळ्यांनी बाजू मांडायची ठरवली की ती ज्याची त्याची होते, शहराची उरत नाही. तेव्हा सरळ पगार देऊन एक माणूस ठेवा.

यात जगावेगळं काही नाही. अमेरिकेत शहरं राज्याच्या राजधानीत उघडपणे लॉबिस्ट, म्हणजे सरकारदरबारी आपली बाजू मांडणारी पगारी माणसं, नेमतात. कॅलिफोर्नियात 1974 च्या कायद्यानुसार त्यांची नोंदणी होते आणि कोणी कोणाला किती पैसे दिले, याचा हिशेब दर तीन महिन्यांनी द्यावा लागतो. टेक्ससचं विधिमंडळ नियमितपणे भरतं ते फक्त विषम वर्षी, 140 दिवसांसाठी. तेवढ्यात काम हुकलं की दोन वर्षं गेली. करदात्यांच्या पैशातून लॉबिस्ट ठेवायला तिथे बंदी आणू पाहणारं विधेयक 2019 मध्ये आलं आणि प्रतिनिधिगृहात पडलं. ते पडावं म्हणून कोणती मंडळी धावपळ करत होती, हे सांगायला नको. आपली सोय याहून चांगली आहे. लॉबिंगचा कायदाच नसल्यामुळे नोंदणी नाही, हिशेब नाही, आणि अधिवेशनं वर्षातून तीन.

ठरावात ‘लॉबिस्ट’ हा शब्द घालू नका. लेखापरीक्षक लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, विचारील. ‘लायझनिंग’ही नको, त्याला वास येतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 च्या दुरुस्तीनं कलम 7अ आलं. भ्रष्ट मार्गानं किंवा वैयक्तिक वजन वापरून लोकसेवकावर प्रभाव पाडायचा आणि त्याबद्दल मोबदला घ्यायचा, हा त्यात गुन्हा आहे. तुमच्या माणसाकडे तर विकण्यासारखं वजनच तेवढं असणार. म्हणून बिलावर ते दिसू देऊ नका. ‘शासनस्तरावरील प्रलंबित प्रस्तावांचा पाठपुरावा’ असं लिहा. पाठपुरावा हा फार गुणी शब्द आहे. कोणाच्या पाठीमागे आणि काय पुरवत, हे त्यात बसतं आणि उघड करावं लागत नाही.

आता नेमणूक. कायम पद मागण्याच्या फंदात पडू नका. नवं पद आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, बसवावं लागतं, आकृतिबंधाला मंजुरी नगरविकास विभागाची लागते, आणि आस्थापना खर्च 35 टक्क्यांवर गेला असेल (गेलेलाच असतो) तर फाइल पहिल्याच टेबलावरून परत येते. कंत्राटी सल्लागार म्हणून घ्या. विषय कार्यपत्रिकेवर ठेवलात तर विरोधक तो वाचून सभेला येतील, म्हणून तो आयत्या वेळचा विषय म्हणून, सभा उठता उठता घ्या. सूचक-अनुमोदकांची नावं इतिवृत्त लिहिताना भरता येतात. पात्रतेच्या अटी मात्र आधी माणूस ठरवून मग लिहाव्यात. ‘किमान 11 वर्षे 4 महिने अनुभव’ अशी अट दिसली, की निविदा भरू पाहणाऱ्या बाकीच्यांना समजायचं ते समजतं आणि त्यांचाही वेळ वाचतो.

ठराव झाला म्हणजे झालं, असं धरून चालू नका. महापालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली राज्य शासन तुमचा ठराव निलंबित करू शकतं, विखंडित, म्हणजे रद्दही करू शकतं. पुणेकरांना हे नीट माहीत आहे. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात 40 टक्के सवलत देणारा ठराव पुणे महापालिकेनं 1970 मध्ये केला होता. काही दशकं तो बिनबोभाट चालला, मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि राज्यानं तो विखंडित केला. महापालिकेनं पत्रं लिहिली, शिष्टमंडळं गेली, निवेदनं दिली गेली. फेब्रुवारी 2023 मध्ये पुण्यातल्या कसबा मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली, मार्चच्या सुरुवातीला निकाल लागला आणि त्याच महिन्यात सवलत पुन्हा देण्याचं ठरलं. काही योग आपोआप जुळतात. तुमच्या लॉबिस्टाला पोटनिवडणूक घडवून आणता येत नसेल, तर करारात तशी अपेक्षाही ठेवू नका.

माणूस कसा असावा? निवृत्त सचिव घेऊ नये. त्याला वरचा मजला माहीत असतो, आणि फाइल खालून वर जाते. तुमचं पत्र टपालात पडतं, तिथून कार्यासनाकडे, म्हणजे त्या विषयाच्या टेबलाकडे, जातं आणि सहायक कक्ष अधिकारी त्यावर टिपणी लिहितो. मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव किंवा सहसचिव, प्रधान सचिव आणि शेवटी मंत्री. वरचे सगळे त्या टिपणीखाली सह्या करतात, फार तर एखादं वाक्य खोडतात. ई-ऑफिस आल्यापासून सह्या पडद्यावर होतात, एवढाच फरक. महापौर मंत्र्यांना भेटून फोटो काढतात तेव्हा चांगला लॉबिस्ट टिपणी लिहिणाऱ्याच्या शेजारी उभा असतो आणि ‘मात्र’च्या जागी ‘तसेच’ कसं चालेल, हे समजावत असतो. म्हणून निवृत्त कक्ष अधिकारी शोधा. ज्यांना त्यानं नोटिंग शिकवलं, ते आता अवर सचिव झालेले असतात.

त्याच्याकडे प्रवेशाची स्वतःची सोय हवी. सर्वसामान्यांना मंत्रालयात दुपारी दोननंतर सोडतात, आता तर चेहरा ओळखणारं यंत्रही बसवलं आहे. पास, रांग, तपासणी यात तीन वाजतात आणि साडेतीनला साहेब मीटिंगला गेलेले असतात. मंत्रिमंडळाची बैठक बहुधा मंगळवारी असते. त्या दिवशी मंत्री सापडतात, पण इतर शहरांची शिष्टमंडळंही तेवढीच सापडतात. जाणता माणूस बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी जातो, टेबलावर फाइल आणि माणूस दोन्ही असताना. मुख्य इमारतीच्या चौकात 2018 पासून वरून उडी घेणाऱ्यांना झेलायला जाळी बांधलेली आहे. ज्यांना माणूस ठेवणं परवडत नाही, त्यांची सोय शासनानं अशी केली आहे.

शेरे वाचायला शिका, नाहीतर तुम्ही पेढे वाटाल. मंत्र्यांनी तुमच्या निवेदनावर तुमच्यादेखत ‘तपासून सादर करावे’ असं लिहिलं, तर फाइल आता पहिल्या टेबलापासून निघणार आहे. ‘चर्चा करावी’ म्हणजे चर्चा होईपर्यंत फाइलला हात लावायचा नाही, आणि चर्चेची वेळ कोणी मागायची हे लिहिलेलं नसतं. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ या वाक्यात काहीही नाही. ‘वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावेत’ म्हणजे नाही म्हणायचं पाप दुसऱ्याच्या पदरात. यावर लॉबिस्टानं काय करायचं? वित्त विभागाकडे जायच्या टिपणीत ‘शासनावर कोणताही अतिरिक्त आर्थिक भार येणार नाही’ हे वाक्य घालून घ्यायचं. निधी मागणाऱ्या प्रस्तावात ते कसं घालायचं, हीच त्याची विद्या आणि त्याचेच पैसे.

त्रुटींचं शास्त्र वेगळं आहे. प्रस्तावात पाच कागद कमी असतील, तर पाचांचं एक पत्र येत नाही, पाच पत्रं येतात. आधी ठरावाची प्रमाणित प्रत. ती दिली की जागा ताब्यात असल्याचा दाखला. मग स्वहिश्शाचं हमीपत्र. पाण्याची योजना असेल तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता. शेवटी ‘सदर काम अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर नाही’ असा दाखला. तोवर दरसूची बदलते, जुनं अंदाजपत्रक शिळं होतं आणि सहावी त्रुटी म्हणून सुधारित अंदाजपत्रक मागितलं जातं. महापौरपद अडीच वर्षांचं आहे. तुम्ही पाठवलेल्या प्रस्तावाची मंजुरी पुढच्या महापौरांच्या हस्ते स्वीकारली जाईल, तेव्हा आज आधीच्या महापौरांच्या प्रस्तावाचे पेढे खायला संकोच करू नका.

पैशाचं म्हणाल, तर जकात होती तेव्हा ट्रक शहराच्या नाक्यावर थांबायचा. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तो गेला, आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी आल्यावर महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळू लागली, 2016-17 हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी 8 टक्के वाढीनं. आता ट्रक थांबत नाही, शहर थांबतं. अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांचा पगार या अनुदानाच्या तारखेवर होतो. लॉबिस्टाची फीसुद्धा याच पैशातून द्यावी लागेल. राज्यानं दिलेल्या पैशातून, राज्याकडे पैसे मागायला, राज्याच्या निवृत्त अधिकाऱ्याला. रुपया घरातल्या घरात राहतो.

याला घटनेचा आधार काढून दाखवू नका. 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे, बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांसाठी 18 विषय आहेत, हे मंत्रालयात सगळ्यांना पाठ आहे. स्पर्धा परीक्षेला येतं ते.

मधली काही वर्षं तर आदर्श म्हणावी अशी होती. 2020 ते 2023 दरम्यान एकेका महापालिकेची मुदत संपत गेली, आणि जानेवारी 2026 मध्ये मतदान होईपर्यंत कारभार प्रशासकांकडे राहिला. महासभा प्रशासक, स्थायी समिती प्रशासक, आयुक्तही प्रशासक. राज्याच्या अधिकाऱ्यानं शहराच्या वतीनं राज्याला पत्र लिहायचं आणि राज्यानं त्याची त्रुटी काढायची. गंमत म्हणजे त्रुटी तेव्हाही निघत होत्या.

आयुक्तांशी तुमचं पटलं नाही, तर कायद्यात उपाय आहे. एकूण सदस्यसंख्येच्या पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला, तर आयुक्तांना परत बोलवावंच लागतं. नवी मुंबईनं ऑक्टोबर 2016 मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध मोठ्या बहुमतानं असा ठराव केला. बदली झाली ती पुढच्या वर्षी मार्चमध्ये. दोन्हीच्या मधल्या महिन्यांत 451 कलमाची उजळणी करता येते.

एक गोष्ट शेवटी सांगायची म्हणून ठेवली होती, पण आताच सांगतो: तुमच्या शहराकडे लॉबिस्ट बहुधा आधीपासूनच आहे. प्रकल्प सल्लागार म्हणतात त्याला. डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, तोच बनवतो, मंत्रालयात फाइल तोच फिरवतो, आणि त्याची फी प्रकल्पखर्चाच्या टक्क्यांत असते. त्यामुळे 40 कोटींची पाणीयोजना तांत्रिक मान्यतेपर्यंत 90 कोटींची झाली, तर नवल करू नये. अमृत 2.0 या केंद्राच्या योजनेत 1 ते 10 लाख लोकवस्तीच्या शहराला केंद्राकडून एक-तृतीयांश मिळतो, बाकीचं राज्य आणि तुम्ही. योजना फुगते तसा तुमचा स्वहिस्साही फुगतो. तो भरायला कर्ज काढावं लागतं, कर्जाला राज्याची मंजुरी लागते, आणि ती आणायलाही कोणीतरी लागतंच. सल्लागाराचा नंबर तुमच्या स्वीय सहायकाकडे आहे.

दुसरा लॉबिस्ट म्हणजे आमदार. त्यांच्यावर पैसे खर्च होत नाहीत, फक्त पैसे कुठे खर्च करायचे ते तुमच्या हातात राहत नाही. ‘मूलभूत सोयीसुविधांचा विकास’ या नावाचा निधी मंजूर झाला की शासन निर्णयासोबत कामांची यादी येते. अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत काँक्रिटीकरण, सभामंडप, ओपन जिम. काम करणारी यंत्रणा म्हणून कधीकधी सार्वजनिक बांधकाम विभाग नेमलेला असतो. आपल्या शहरात काय होणार आहे, ते महापालिकेला शासनाच्या संकेतस्थळावर 18 आकडी सांकेतांक टाकून वाचता येतं. तुमचा पगारी माणूस या वाटेत आला, तर त्याचं बिल वर्षभर थांबेल. त्याला सांगून ठेवा की आमदारांच्या पत्राशिवाय कोणताही प्रस्ताव पुढे न्यायचा नाही. दोन आमदार दोन पक्षांचे असतील, तर दोन पत्रं घ्यायची आणि एकाला दुसऱ्याचं दाखवायचं नाही.

यातूनही काम झालंच, तर आभाराचा फ्लेक्स लावावा लागेल. वर पक्षाचे नेते, मधे पालकमंत्री, डावीकडे आमदार, खाली हात जोडलेले तुम्ही, आणि तळाशी शुभेच्छुकांचे बत्तीस छोटे गोल. लॉबिस्टाचा फोटो टाकायचा नाही, त्याचं वजन त्यातच आहे. फ्लेक्सला परवानगी कोणी घेत नाही, त्यामुळे तुमचंच अतिक्रमण विभागाचं पथक दुसऱ्या दिवशी सकाळी तो उतरवायला जाईल. पहिली दोरी कापली की फोन वाजेल. तोही मंत्रालयातूनच, आणि तो लागायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.