जिवाणूंमुळे शेतातला किरणोत्सर्ग संपतो का?

सांगली जिल्ह्यातल्या पलूस, वाळवा, तासगाव भागातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: फॉस्फेट खतांमुळे आपल्या काळ्या रानात युरेनियम साठलंय, मातीतले काही जिवाणू किरणोत्सर्ग खाऊन संपवतात, ठिबकमधून त्यांचं कल्चर, म्हणजे बाटलीत वाढवलेले जिवाणू, सोडलं की तीन महिन्यांत जमीन शुद्ध होते, आणि परदेशात अणुकचऱ्यावर हाच उपाय करतात. खाली कल्चर मागवायला नंबर. यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात.

‘खतांत युरेनियम असतं.’ असतं. या खतांचा कच्चा माल असलेला रॉक फॉस्फेट हा बहुतेक करून प्राचीन समुद्राच्या तळाशी साठलेला खडक, त्यात युरेनियम मुळातच असतं आणि त्यातलं बरंचसं डीएपी खतात उतरतं. पण हिशेब करू. किलोमागे १०० मिलिग्रॅम धरलं, तर एकरी तीन पोती, म्हणजे १५० किलो डीएपीतून साधारण १५ ग्रॅम युरेनियम रानात जातं. एकराच्या वरच्या अर्धा फूट मातीचं वजन भरतं सुमारे ९ लाख किलो. किलोमागे एक मिलिग्रॅम धरलं तरी त्यात निसर्गाचंच ९०० ग्रॅम युरेनियम आधीपासून आहे. वर्षानुवर्षं खत टाकलं की भर पडत जाते, हे नाकारायचं कारण नाही. घाबरून खिसा मोकळा करावा इतकी ती नाही.

‘जिवाणू किरणोत्सर्ग संपवतात.’ हे साफ चूक आहे. किरणोत्सर्ग अणूच्या केंद्रकातून येतो. जिवाणूंचा सगळा कारभार केंद्रकाबाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर चालतो, केंद्रकापर्यंत त्यांचा हात पोचतच नाही. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४५० कोटी वर्षं लागतात. जिवाणू असोत वा नसोत, त्यात एका दिवसाचाही फरक पडत नाही.

मग ते करतात काय? जे करतात ते खरोखर थक्क करणारं आहे. १९९१ साली अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, आज जिओबॅक्टर या नावाने ओळखला जाणारा जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या गाळात युरेनियमवर श्वसन करतो. आपण अन्नातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देतो, तो युरेनियमला देतो. त्यामुळे पाण्यात विरघळणारं युरेनियम न विरघळणाऱ्या रूपात जातं आणि गाळात बसतं. किरणोत्सर्ग तेवढाच राहतो, फक्त धातूचा प्रवास थांबतो. विहिरीच्या पाण्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे, पण जमीन शुद्ध झाली असं तिला म्हणता येणार नाही.

मेसेजमध्ये डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या जिवाणूचंही नाव आहे. १९५६ मध्ये गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात तो सापडला. माणूस ज्या मात्रेत दगावतो, तिच्या हजारपट मात्राही तो सोसतो, कारण तुकडे झालेला डीएनए तो पुन्हा जोडून घेतो. तो किरणोत्सर्ग सहन करतो, खात नाही.

‘आपल्या काळ्या रानात कल्चर चालेल.’ मला सगळ्यात जास्त राग या दाव्याचा येतो. जिओबॅक्टरसारख्यांना ऑक्सिजन नसलेली जागा लागते. वाफशावरचं उसाचं किंवा द्राक्षाचं रान म्हणजे हवा खेळती, आणि तशीच ती हवी. शिवाय आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर. कॅल्शियम आणि कार्बोनेट युरेनियमला धरून पाण्यात विरघळलेलंच ठेवतात, आणि त्या रूपातलं युरेनियम जिवाणूंनाही सहजी बदलता येत नाही. त्यात युरियापासून तयार झालेलं नायट्रेट. ते असेपर्यंत जिवाणू आधी तेच वापरतात, आणि खाली बसलेलं युरेनियमही त्याच्यामुळे पुन्हा विरघळू शकतं. म्हणजे जिवाणूंच्या कामाला मारक असलेल्या तिन्ही गोष्टी आपल्या रानात एकत्र आहेत. आणखी एक: स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडतात. पिकाला स्फुरद मिळायला ते चांगलंच, पण तीच आम्लं खनिजातलं युरेनियमही मोकळं करू शकतात. बाटलीत नेमका कुठला जिवाणू आहे हे न सांगता ‘युरेनियम जातं’ म्हणणारा माणूस काय सोडायला सांगतोय, हे त्यालाच माहीत.

‘परदेशात हेच करतात.’ प्रयोग झालेत, तेही शेतात नव्हे, भूजलात. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रायफल इथे, युरेनियमच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर, जमिनीखालच्या पाण्यात ॲसिटेट, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, सोडलं. बाहेरून जिवाणू आणले नाहीत, तिथलेच जिओबॅक्टर वाढले आणि काही आठवड्यांत पाण्यातलं युरेनियम घटलं. पुढे सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंनी जागा घेतली आणि पाण्यातलं युरेनियम पुन्हा चढू लागलं. सतत मोजमाप करणाऱ्या शास्त्रज्ञांची ही गत, तर तीन महिन्यांची हमी कशाच्या जोरावर?

काळजी वाटत असेल तर ती प्यायच्या पाण्याची करा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. बोअरचं पाणी पीत असाल तर नमुना देताना युरेनियमची तपासणी वेगळी मागा, कारण क्षार-पीएचच्या नेहमीच्या अहवालात ती नसते. प्रमाण जास्त निघालं तर प्यायच्या पाण्यापुरता आरओ लावा, त्याने युरेनियम बऱ्यापैकी निघतं.