जिवंतपणी मरू इच्छिणाऱ्या लोकप्रतिनिधींस

राजकारणात एक वेळ अशी येते की कर्ज देणारे, हिशेब मागणारे आणि घरचे, तिघेही एकाच आठवड्यात दार वाजवू लागतात. अशा वेळी सामान्य माणूस तोंड लपवतो. तुम्ही सामान्य नाही. तुम्ही सरळ मरावं, आणि मेल्यावर बऱ्या हवेच्या ठिकाणी राहायला जावं. या विषयात ज्याचा शब्द प्रमाण मानावा असा एक अधिकारी पुरुष विसाव्या शतकातल्या ब्रिटिश संसदेने जगाला दिला आहे. जॉन थॉमसन स्टोनहाउस: मजूर पक्षाचे खासदार, माजी मंत्री, राणीच्या प्रिव्ही कौन्सिल या सल्लागार मंडळाचे सदस्य, आणि २० नोव्हेंबर ते २४ डिसेंबर १९७४ एवढ्या काळापुरते कैलासवासी.

पण घाई करू नका. ज्याला कोणी ओळखत नाही त्याच्या मरण्याला किंमत नसते, म्हणून आधी मोठं व्हावं लागतं. त्यासाठी सुरुवात ध्येयवादाने करा. स्टोनहाउस १९२५ साली साउदॅम्प्टनला जन्मले. आई त्याच शहराची महापौर झालेली. त्यांनी स्वतः हवाई दलात उमेदवारी केली, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले, मग दोन वर्षं युगांडात जाऊन आफ्रिकी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या करण्याचं काम केलं. १९५७ मध्ये वेन्सबरीच्या पोटनिवडणुकीतून खासदार. १९५९ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियात (आजच्या झिंबाब्वेत) जाऊन तिथल्या काळ्या जनतेला हक्कांसाठी उभं राहायला सांगितलं, तेव्हा गोऱ्या सरकारने त्यांना देशाबाहेर काढलं. यातलं काहीही खोटं नव्हतं, आणि इथेच नवशिक्यांची गल्लत होते. त्यांना वाटतं, पुढे लबाडी करायची तर आधीपासून लबाड असावं लागतं. मुळीच नाही. आधीची वीस वर्षं प्रामाणिक असावीत. पुढे कोणी वह्या मागितल्या की ‘माझं पूर्वायुष्य बघा’ असं म्हणता येतं, आणि मागणारा ओशाळतो.

नंतर ते लंडन को-ऑपरेटिव्ह सोसायटीचे अध्यक्ष झाले. सहकारातून वर येऊन मंत्रिपदाकडे कसं जातात, हे मराठी वाचकाला मी काय सांगणार!

हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारात १९६८ साली ते पोस्टमास्टर जनरल, म्हणजे टपालमंत्री झाले. हे पद शतकानुशतकं चालत आलेलं. त्यांच्याच कारकिर्दीत टपाल खात्याचं महामंडळ झालं आणि ते पदच संपलं. पदाच्या इतिहासात शेवटचं नाव आपलं राहावं याची अशी काळजी घ्यावी लागते. पत्र लवकर पोचवायचं की सावकाश हे तिकिटाच्या दरावरून ठरवणारी पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाची डाक त्यांच्याच काळात सुरू झाली. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त ब्रिटनने तिकीट काढलं, तेव्हाही हेच मंत्री होते. ज्या गांधींना ब्रिटिशांनी पुन्हा पुन्हा तुरुंगात बसवलं, ते आता राणीच्या मुखवट्याशेजारी बसले. तिकीट चितारणारे बिमान मल्लिक हावड्याचे. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी एक छोटी भानगड झाली. चेकोस्लोव्हाकियाच्या गुप्तहेर खात्यातून फुटून आलेल्या एकाने सांगितलं की तुमचे हे मंत्री आमच्याकडून पैसे घेतात. चौकशी झाली. स्टोनहाउस नाही म्हणाले. पंतप्रधानांना पटलं. यातून जो धडा मिळतो तो या लेखातला सर्वांत महत्त्वाचा, म्हणून सावकाश वाचा: मोठ्या माणसाने मोठ्या माणसाला समोर बसवून विचारलं की मिळालेलं उत्तर खरं मानण्याची रीत आहे. तुम्ही जितके वर, तितकी तुमच्यावर शंका घेणं असभ्यपणाचं. (१९८० मध्ये आणखी एक चेक माणूस तेच सांगत आला. मार्गारेट थॅचरना कळवण्यात आलं, पण कोर्टात टिकेल असा पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद. लोकांना हे समजलं २०१० च्या सुमारास सरकारी कागद खुले झाल्यावर. स्टोनहाउस यांच्या मुलीला हा आरोप आजही मान्य नाही.) ही सवय अंगी मुरू द्या. आपण सांगू ते समोरचा ऐकून घेणार, अशी एकदा खात्री पटली की माणूस कुठवर जाऊ शकतो ते पुढे दिसेलच.

१९७० मध्ये मजूर पक्ष हरला. विरोधी बाकांवर गेल्यावर विल्सननी यांना पहिल्या रांगेत बसवलं नाही. मंत्र्याचा पगार गेला, गाडी गेली, मंत्र्याच्या सवयी राहिल्या. मग त्यांनी कंपन्या काढल्या. निर्यातीचा सल्ला देणारी एक, तिला सांभाळायला दुसरी, दुसरीचं कर्ज फेडायला तिसरी. ही रचना तुमच्या ओळखीची असेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा.

बांगलादेशाचं प्रकरण मात्र सोडू नका. १९७१ साली पूर्व बंगालात कत्तली चालू असताना हा माणूस भारतात येऊन निर्वासितांच्या छावण्या पाहून गेला, आणि संसदेत त्यावर पोटतिडकीने बोलला. माजी पोस्टमास्टर जनरलच तो, त्याच्या डोक्यात कल्पना आली ती तिकिटांची. देश अजून स्वतंत्र व्हायचा आहे, पण टपाल तिकिटं निघाली तर जगाला नाव तरी कळेल. बिमान मल्लिक यांनी आठ तिकिटं काढून दिली. जुलै १९७१ मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा ढाक्यात पाकिस्तानी फौज होती. स्वातंत्र्यानंतर कृतज्ञ देशाने स्टोनहाउसना नागरिकत्व दिलं. मला हे सगळं मनापासून आवडतं, आणि म्हणूनच पुढचं जास्त शिकण्यासारखं आहे. त्यांनी ब्रिटनमधल्या बंगाली कष्टकऱ्यांसाठी ‘ब्रिटिश बांगलादेश ट्रस्ट’ नावाची बँक काढली. शेअर विक्रीला प्रतिसाद थंड मिळाला, तेव्हा स्वतःच्याच कंपन्यांचा पैसा इकडून तिकडे फिरवून तो गरम केला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, व्यापार खात्याचे लोक वह्या चाळायला आले. नंतर बँकेचं नाव बदलून ‘लंडन कॅपिटल ग्रुप’ केलं. नाव बदललं की माणसं मागचं विसरतात, हा शोध त्यांना इथे लागला. बँकेवर प्रयोग झाला, आता माणसावर करून पाहायचा होता.

आता कृती. नवं आयुष्य सुरू करायला मेलेला माणूस लागतो. तो आपल्याच मतदारसंघातून घ्यावा, कारण लोकप्रतिनिधीला दार उघडून देतात. स्टोनहाउस आता वॉल्सॉल नॉर्थचे खासदार होते. त्यांनी वॉल्सॉलच्या रुग्णालयात विधवांना मदत करायची आहे असं निमित्त सांगून आपल्या वयाच्या मृत पुरुषांची चौकशी केली. नावं मिळाल्यावर त्या घरी जाऊन विधवांची विचारपूसही केली. खासदार दारात आले याचं त्या बायांना किती बरं वाटलं असेल! मतदाराच्या मरणानंतरही त्याच्याशी संपर्क ठेवणारे लोकप्रतिनिधी आता कुठे राहिलेत? मार्कहॅम आणि मिलडून ही दोन नावं निवडली गेली. मार्कहॅमचा जन्मदाखला काढला, त्यावर पासपोर्ट. अर्जावर ओळख देणाऱ्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही लागते. त्या जागी नील मॅकब्राइड या सहकारी खासदाराची खोटी सही केली. मॅकब्राइड आजारी होते आणि त्याच सप्टेंबरात वारले. म्हणजे अर्जदार मेलेला, आणि खात्री देणाराही मेलेला. पासपोर्ट कचेरीला हरकत घेण्यासारखं काही आढळलं नाही.

पत्नीला वाऱ्यावर सोडू नये. म्हणून मरण्यापूर्वी तिच्या नावे सव्वा लाख पौंडांचे विमे उतरवावेत, तिला काहीही न सांगता. सेक्रेटरीला मात्र सांगावं, कारण पुढच्या आयुष्यात ती सोबत येणार असते.

मग २० नोव्हेंबर. मायामी बीचवरचं मोठं हॉटेल. कपडे किनाऱ्यावर ठेवायचे, पोहायला जातो म्हणून सांगायचं, आणि मार्कहॅम होऊन विमानतळ गाठायचा. मृतदेह सापडत नाही ही या पद्धतीतली एकच उणीव. इंग्लंडमध्ये पत्नी आणि मुलं रडली. हिंदू पद्धतीने दहावा झाला असता तर कावळा शिवेना म्हणून भटजी संध्याकाळपर्यंत खोळंबले असते, आणि कावळ्याची काहीच चूक नसती.

विल्सननी संसदेत उभं राहून आपल्या माजी मंत्र्यावरचे हेरगिरीचे आरोप निराधार असल्याचं सांगितलं. तारीख १७ डिसेंबर. बोलणं चाललं होतं ते गेलेल्या माणसाच्या अब्रूबद्दल, तेव्हा सभागृहाने ते गांभीर्याने ऐकलं.

गेलेला माणूस त्या वेळी मेलबर्नमध्ये बँकांची कामं करत होता. मार्कहॅम नावाने प्रवास आणि मिलडून नावाने मुक्काम, म्हणजे माग काढणाऱ्याचा धागा मध्येच तुटेल, असा बेत. बेत नामी होता. फक्त एका बँकेत एका नावाने रोख रक्कम भरून बाहेर पडल्यावर जवळच्याच दुसऱ्या बँकेत दुसऱ्या नावाने जाताना त्यांना एका कॅशियरने पाहिलं. उंचापुरा, उत्तम सुटातला इंग्रज, बोलणं वरच्या थरातलं, आणि नावं दोन. कॅशियरने पोलिसांना कळवलं. पंतप्रधान, हेर खातं, पासपोर्ट कचेरी, प्रिव्ही कौन्सिल, एवढ्यांना पुरून उरलेला माणूस, आणि त्याला अडकवलं नोटा मोजणाऱ्या हातांनी. कॅशियरला तुम्ही कोण हे ठाऊक नसतं, म्हणून त्याला शंका घेता येते. तेव्हा मेल्यावर बँकेत जाण्याचा प्रसंग टाळा. गेलातच तर गबाळे कपडे घालून, रांगेत उभं राहून, ‘साहेब, स्लिप कुठली भरायची?’ असं विचारून या. स्टोनहाउसना हे जमण्यासारखं नव्हतं. नाव टाकून देता आलं, पासपोर्ट टाकून देता आला, पण दार आपल्यासाठी उघडेल अशा बेताने चालण्याची ढब कोणत्या किनाऱ्यावर काढून ठेवायची?

पोलिसांनी पाळत ठेवली, पण त्यांना वाटलं हा लॉर्ड लुकन असावा. लुकन हे उमराव त्याच नोव्हेंबरात मुलांच्या दाईचा खून झाल्यावर लंडनहून पळाले होते. २४ डिसेंबरला अटक झाली तेव्हा माजी पोस्टमास्टर जनरलना मांडी दाखवायला सांगितलं गेलं, कारण लुकनच्या मांडीवर व्रण होता. यांच्या मांडीवर नव्हता. आयुष्यभर कमावलेल्या प्रसिद्धीचं फळ बघा: पकडले गेले तेही दुसऱ्याच्या नावावर.

आता मुख्य प्रश्न. मेलेला खासदार ऑस्ट्रेलियात सापडला, तर खासदारकीचं काय होतं? काहीच होत नाही. ऑक्टोबर १९७४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाचं बहुमत तीन जागांचं होतं. तीन! अशा सभागृहात माणूस जिवंत आहे की मृत हा तपशील, त्याची जागा कोणाच्या बाजूला मोजायची हा विषय. शिवाय ब्रिटिश खासदाराला साधा राजीनामाही देता येत नाही. राजसत्तेचं एखादं नाममात्र, बिनकामाचं पद मागून घ्यायचं, की जागा आपोआप रिकामी होते. स्टोनहाउसनी ते पद मागितलं नाही. त्यांनी स्वीडन आणि मॉरिशसकडे आश्रय मागितला. दोन्ही देश कामात होते. १९७५ मध्ये त्यांना इंग्लंडला आणून ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ठेवलं. ऑगस्टमध्ये जामीन. ऑक्टोबरात त्यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये उभं राहून खुलासा केला: मूळ स्टोनहाउसची मानसिक आत्महत्या झाली होती आणि तिथे एक समांतर व्यक्तिमत्त्व वावरत होतं. सभागृहाने ऐकून घेतलं. सभ्य सभागृह आहे ते.

पक्ष सोडायचा मुहूर्तही शिकून घ्या. विल्सन गेले, ५ एप्रिल १९७६ रोजी जेम्स कॅलहन पंतप्रधान झाले, आणि दोन दिवसांत स्टोनहाउसनी पक्षाला रामराम ठोकून सरकारचं काठावरचं बहुमत घालवलं. मग इंग्लिश नॅशनल पार्टी या पक्षात गेले. ज्या पक्षाचा एकही खासदार नव्हता त्याला बसल्या जागी एक मिळाला, तोही खटल्यातला आरोपी. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. मी फक्त साल १९७६ होतं एवढं नोंदवून ठेवतो.

ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयातला खटला ६८ दिवस चालला. वकील दूर करून त्यांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली. आपण सांगू ते समोरचा ऐकून घेणार, ही खात्री अजून शाबूत होती. समोर बारा सामान्य माणसांची ज्युरी होती, कॅशियरच्याच जातकुळीची. ऑगस्टमध्ये फसवणूक, चोरी, खोटे दस्तऐवज अशा १८ आरोपांत दोषी, सात वर्षं शिक्षा. त्यानंतर प्रिव्ही कौन्सिल सोडलं, आणि महिना संपता संपता एकदाची खासदारकीही. नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत वॉल्सॉल नॉर्थने ती जागा हुजूर पक्षाला देऊन टाकली. खासदार मेला, सापडला, कैदेत गेला, एवढं होईपर्यंत मतदारांनी वाट पाहिली होती.

विम्याचा एक मुद्दा हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बुडण्याचं नाटक मायामीत, विमा कंपन्या इंग्लंडात, पत्नीला कशाचाच पत्ता नाही आणि पैसे तर कोणी मागितलेच नाहीत, मग इंग्लंडात फसवणुकीचा ‘प्रयत्न’ झाला असं म्हणता येईल का? विधिज्ञांनी विचार करून शिक्षा कायम ठेवली. गुन्ह्याचा प्रयत्न कुठे सुरू होतो हे शिकताना इंग्लंडातले कायद्याचे विद्यार्थी आजही त्यांचं नाव घोकतात. टपाल खात्यातल्या कामगिरीने एवढं चिरंजीवित्व दिलं नसतं.

तुरुंगात हृदयविकाराचे झटके आले, शस्त्रक्रिया झाली, १९७९ मध्ये लवकर सुटका. पहिल्या पत्नीने घटस्फोट घेतला होता. १९८१ साली सेक्रेटरीशी लग्न झालं. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, म्हणजे कल्पित गोष्टी कल्पित म्हणून विकायला शेवटी सुरुवात केली. मार्च १९८८ मध्ये बर्मिंगहॅमला दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम होता, विषय बेपत्ता माणसं. तज्ज्ञ म्हणून यांच्याहून योग्य कोण? चित्रीकरण चालू असतानाच ते कोसळले. १४ एप्रिलला साउदॅम्प्टनजवळ त्यांचं निधन झालं, आणि या वेळी दाखला त्यांच्याच नावावर निघाला.