‘कोरोनाला कुठे जात कळते?’

पुन्हा तोच मेसेज. या वेळी जळगावच्या मावसभावाने घरच्या ग्रुपवर टाकला, म्हणून लिहितोय. म्हणणं असं: विषाणूला जात-रंग कळत नाही, अमेरिकेत काळे जास्त मेले ते जीन्समुळे, आपल्या सातपुड्यातल्या आदिवासींना काही झालं नाही, कारण त्यांची प्रतिकारशक्तीच दांडगी. भेदभाव वगैरे सगळं राजकारण.

पहिलं खरंच आहे. विषाणूला काहीच कळत नाही. तरी 1918च्या इन्फ्लुएन्झात मुंबईत ‘खालच्या’ जातींतले हिंदू हजारी 61.6 दगावले, इतर हिंदू 18.9, युरोपीय 8.3. आकडे इंग्रजांच्याच दप्तरातले.

आता जीन्स. एप्रिल 2020मध्ये शिकागोत काळे लोक वस्तीत सुमारे 30 टक्के, कोरोनाच्या मृतांत सुमारे 70. बस चालवणाऱ्याने, दवाखान्याची फरशी पुसणाऱ्याने घरून काम कसं करायचं? त्यात ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला चिमट्यासारखं लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र. डिसेंबर 2020मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की यंत्र 92 ते 96 टक्के सांगत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात 88च्या खाली, असं गोऱ्यांच्या शंभर नोंदींत चारेक वेळा होतं, काळ्यांच्या जवळपास बारा वेळा. म्हणजे जीव घुसमटतोय आणि यंत्र म्हणतंय, ठीक आहे. असलेच चिमटे ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’त आशाताईंनी आपल्या दारोदारी लावले. सावळ्या बोटावर ते किती खरं बोलतात, हे कोणी विचारलं? मीही नाही.

आणि गंमत बघ भाऊ, तिकडे रक्त कमजोर म्हणून मेले, इकडे रक्त दांडगं म्हणून वाचले. दवाखान्याचं नाव कुठेच काढायला नको!

नंदुरबार जिल्ह्यात 2011च्या जनगणनेत सुमारे 69 टक्के आदिवासी. धडगाव-अक्कलकुव्याच्या कितीतरी पाड्यांवरून आजारी माणूस अजून बांबूच्या झोळीतून रस्त्याला लागतो. जो घरातच गेला त्याची तपासणी नाही, मग तो यादीत येणार कुठून? मे 2021मध्ये 18 ते 44 वयाच्यांना लशीसाठी आधी ऑनलाइन नोंदणी, तीही तेव्हा इंग्रजीत. पाड्यावरच्याने रेंज शोधत टेकडी चढायची.

जिल्ह्यात जे वाचले त्यांचं थोडं श्रेय ऑक्सिजन प्लांटलाही दे. ते दुसऱ्या लाटेआधीच उभे राहू लागले होते. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः भिल्ल. त्यांनी काही प्रतिकारशक्तीवर भिस्त ठेवली नव्हती.