मुलांच्या फोनवरची मर्यादा आणि ‘वेळ नसलेले’ आईबाप : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मुलांच्या फोनवर फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर वेळेची आणि ॲपची मर्यादा ठेवायचं गूगलचं ॲप) कसं लावायचं, या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की, लॉक लावले की मुलं खोटं बोलायला शिकतात आणि आईबाप घरातले पोलिस होतात. लेखात आयफोनबद्दल काहीच नाही, अशीही तक्रार आहे. तुमची दोन्ही मुलं असल्या कुठल्याही लॉकशिवाय वाढली आणि आज चांगल्या नोकऱ्यांत आहेत, हेही तुम्ही लिहिलंत. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं देते: ‘ज्यांना पोटच्या पोरांशी बोलायला वेळ नाही, त्यांच्यासाठीच हे कुलपांचे धंदे आहेत.’

आयफोनबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. लेख अँड्रॉइडपुरताच होता. आयफोनवर सेटिंग्जमध्ये अशीच मर्यादा ठेवायला ‘स्क्रीन टाइम’ असतं, ॲपलने ते २०१८ मध्ये आणलं. त्याला फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा पासकोड ठेवायचा आणि तो मुलाच्या वाढदिवसाचा नसावा. आईबापांचा फोनही आयफोन असेल तर फॅमिली शेअरिंगमधून (घरातल्यांची ॲपलची खाती जोडायची सोय) आपल्या फोनवरूनच सगळं लावता येतं. आपला अँड्रॉइड आणि मुलाचा आयफोन असेल तर मुलाचाच फोन हातात घेऊन लावावं लागतं. सविस्तर लेख लिहीन. या सूचनेबद्दल मनापासून आभार.

आता त्या वाक्याकडे येते. मतभेदाला माझी कधीच ना नसते. पण हे वाक्य मत नाही, आरोप आहे. मला न ओळखता, माझ्या घराचा उंबरा न ओलांडता तुम्ही तो केलात. शिवाय तो माझ्या एकटीवर नाही. त्या लेखाखाली ज्या आया प्रश्न विचारत होत्या, त्या सगळ्यांवर आहे. त्यातल्या एकीने तुमची प्रतिक्रिया वाचून आपला प्रश्न काढून टाकला. मला तेच जास्त लागलं.

मी नाशिकला एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशी ड्यूटी फिरत असते. नवरा अंबडच्या एमआयडीसीत, त्यालाही शिफ्ट. घरी सासूबाई आणि दोन मुलं, थोरली सातवीत, धाकटा चौथीत. लॉकडाउनमध्ये थोरलीची शाळा फोनवर भरायला लागली, तेव्हा घरात तिसरा फोन आला. तो आम्ही हौसेने घेतला नव्हता. शाळेची लिंक यायची, ती उघडायला काहीतरी हवं होतं. शाळा परत वर्गात भरायला लागली, पण फोन घरातच राहिला. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत हे असंच झालंय.

इव्हिनिंग ड्यूटी असली की मी रात्री साडेनऊच्या पुढे घरी येते. मुलं दहाला झोपतात. म्हणजे माझ्या वाट्याला मुलांबरोबरचा जेमतेम अर्धा तास येतो. तो अर्धा तास ‘फोन ठेव’, ‘पाचच मिनिटं’, ‘ठेव म्हटलं ना’ यातच जायचा. सासूबाई थकलेल्या, मी थकलेली, मुलगा रडकुंडीला आलेला. एका सुट्टीच्या दुपारी मुलांना शेजारी बसवून आम्ही फॅमिली लिंकमधला डाउनटाइम, म्हणजे ठरलेल्या वेळी फोन बंद करणारं सेटिंग, लावला. किती वाजता फोन बंद व्हावा हे त्यांनाच विचारलं. मुलगी म्हणाली नऊ, मुलगा म्हणाला दहा, शेवटी नऊवर एकमत झालं. आता नऊला फोन आपोआप बंद होतो. मी घरी येते तेव्हा त्यांचे हात मोकळे असतात आणि तो अर्धा तास आम्हाला बोलायला मिळतो. सर, तुम्ही म्हणता ते ‘बोलणं’ मला या सेटिंगने मिळवून दिलं.

तुम्ही ‘कुलूप’ म्हणता म्हणून विचारते. आमच्या वॉर्डात औषधांचं कपाट कुलपात असतं. म्हणून आम्ही पेशंटशी बोलत नाही, असं कुणी म्हणेल का?

आणखी एक सांगते. फॅमिली लिंकमध्ये प्ले स्टोअरवरच्या प्रत्येक नव्या ॲपसाठी पालकांची मंजुरी लागेल असं ठेवता येतं. मुलीने एक फोटोंचं ॲप मागितलं, त्याची विनंती माझ्या फोनवर आली. मी ड्यूटीवर होते. हो-नाही काहीच न करता घरी आले आणि विचारलं, ‘कशाला हवंय गं?’ ती म्हणाली, ‘वर्गात सगळ्यांकडे आहे, फोटोला कान लावता येतात.’ मी रागावले नाही. प्ले स्टोअरवर त्या ॲपचं पान दोघींनी मिळून उघडलं आणि खाली ‘डेटा सेफ्टी’ म्हणून जो भाग असतो तो वाचायला घेतला. लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, फोनचा आयडी. ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. मध्येच थांबून तिनेच विचारलं, ‘मम्मी, कान लावायला याला आजीचा नंबर कशाला पाहिजे?’ ॲप घेतलं नाही. मी नाही म्हणाले म्हणून नव्हे, तिलाच नको वाटलं. ती विनंती आली नसती तर हा विषय आमच्या घरात निघालाच नसता. मला वेळ नाही म्हणून नव्हे, ते ॲप फोनमध्ये आलंय हेच मला कळलं नसतं म्हणून.

आता तुमच्या मुलांबद्दल. त्यांचं चांगलं झालं, आनंद आहे, मनापासून लिहिते. पण तुम्हीच लिहिलंय की धाकटा १९९८ साली दहावी झाला. तेव्हा तुमच्या घरात फार तर लँडलाइन असेल, तोही हॉलमध्ये, सगळ्यांच्या समोर. जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये, आणि त्यानंतर डेटा इतका स्वस्त झाला की चौथीतल्या पोराच्या हातातही दिवसभर व्हिडिओ चालू राहायला लागले. जे तुमच्या मुलांच्या हातात कधी नव्हतंच, त्याला लॉक लावला नाही हे कर्तृत्व म्हणून सांगू नका. हे जरा स्पष्ट होतंय, पण तुमचं वाक्य त्याहून स्पष्ट होतं.

सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्हाला माहीत असेल. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवतात, मुलांनी अभ्यास करावा आणि माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून. त्या गावाचं सगळीकडे कौतुक झालं. वेळ ठरवून फोन बंद करणाऱ्या त्या आईबापांना कुणी पोलिस म्हणालं नाही, की पोरांशी बोलायला वेळ नाही असंही कुणी लिहिलं नाही. गावाने मिळून केलं की तो आदर्श, आणि दोन खोल्यांच्या घरात एका नर्सने तेच सेटिंगमध्ये केलं की तो धंदा? यातला फरक मला समजावून सांगा.

पोलिसगिरीचा मुद्दा खरं तर माहिती न घेता केलेला आहे. फॅमिली लिंकमध्ये मुलांचे मेसेज वाचता येत नाहीत, कॉल ऐकता येत नाहीत. कुठलं ॲप किती वेळ वापरलं आणि फोन कुठे आहे एवढं दिसतं, आणि खात्यावर पालकांची देखरेख आहे हे मुलाला त्याच्या फोनवरही कळतं. वेळ संपून फोन लॉक झाला तरी आलेला कॉल घेता येतो, इमर्जन्सी कॉल करता येतो. चोरून मेसेज वाचणारी ॲप्स बाजारात वेगळी आहेत. ती लावू नका, असं मी त्याच लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत की नाही, देव जाणे. उलट मुलांवर पाळत ठेवतात त्या कंपन्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांचं ट्रॅकिंग करायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला बंदी केली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण ही बंधनं लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिली आहे. तोवर माझी मुलं वाढायची थांबणार नाहीत.

मुलं खोटं बोलतात, याचं काय सांगू? तुम्ही शिक्षक होतात. लॉक नसतानाही मुलं गृहपाठाची वही घरी राहिली म्हणतातच. माझ्या धाकट्यानेही यूट्यूबचा वेळ संपल्यावर क्रोममधून यूट्यूब उघडलं होतं. मग क्रोमच्या ब्लॉक केलेल्या साइट्समध्ये तो पत्ता टाकला आणि बाकीच्या ब्राउझरची मंजुरी काढून घेतली. त्याला ते सांगूनच केलं, तो हसला, विषय संपला.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. ज्या ताईंनी आपला प्रश्न मागे घेतला, त्यांनी तो पुन्हा विचारावा एवढीच विनंती. त्यांचा प्रश्न आजीच्या फोनबद्दल होता, आणि तो अगदी रास्त आहे, कारण मुलाचा फोन बंद झाला की तो आजीकडेच जातो. ताई, आजीच्या खात्याला हात लावायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीच्या भागात ‘ॲप पिनिंग’ शोधा, काही फोनवर त्याला ‘स्क्रीन पिनिंग’ म्हणतात. ते सुरू करून बाहेर पडताना पिन विचारण्याचा पर्याय चालू ठेवा. मग यूट्यूब किड्स उघडून ते पिन केलं की मूल त्या ॲपच्या बाहेर जाऊ शकत नाही, आजीचे फोटो आणि पैशांची ॲप्स सुरक्षित राहतात. फक्त पिन आजीला मुलासमोर सांगू नका. काही अडलं तर फोनचं मॉडेल लिहा. माझी या आठवड्यात नाइट आहे, सकाळी उत्तर देते.