पिंप्री नेमकी कोणती?

कानबाईची, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाची रात्र होती. श्रावणातला रविवार, गावोगावी जागरण, सुरत-उधन्याहून आलेल्या माणसांनी घरं भरलेली. सव्वाअकराला माझ्या स्क्रीनवर इव्हेंट पडला: मोटरसायकल अपघात, पिंप्री, पुरुष जखमी, फोन करणारी त्याची बायको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०२१ पासून आपल्याकडे ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर आहे. तुम्ही लावलेला फोन आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथला कॉल टेकर माहिती लिहून घेतो आणि तो इव्हेंट, म्हणजे त्या घटनेची नोंद, जिल्ह्याच्या पोलीस कंट्रोल रूमला पाठवतो. तिथे मी बसतो. नकाशावर जवळची गाडी बघायची, गाडीतल्या एमडीटीवर, म्हणजे तिथल्या छोट्या स्क्रीनवर काम टाकायचं, वायरलेसवर पाठपुरावा करायचा, कोणी जखमी असेल तर १०८ ला कळवायचं, आणि गाडी पोचेपर्यंत समोरच्या माणसाला धीर देत राहायचं.

आता पिंप्री. आपल्या खान्देशात पिंप्र्या किती, वडगावं किती, त्यात खुर्द निराळं आणि बुद्रुक निराळं. मोबाइलचं ठिकाण दिसतं, पण टॉवरवरून आलेलं ठिकाण म्हणजे नकाशावरचं एक भलंमोठं वर्तुळ. त्या वर्तुळात मला एक पिंप्री दिसली. मी गाडी तिकडे सोडली. गाडी पोचली तर गाव जागंच होतं, चौकात गाणी चालू, अपघात कुणालाच माहीत नाही. अकरा मिनिटं गेली होती. ती माझ्या हातून गेली, आणि आजही मोजताना पोटात गोळा येतो.

मी बाईंना फोन लावला. रडणं ऐकू येत होतं, शब्द लागत नव्हते. मराठीत विचारलं तर "हो साहेब, हो साहेब" एवढंच. मग मी अहिराणीत म्हणालो, "ताई, घाबरू नको. आजूबाजूले काय दिखस?"

रडणं थांबलं. खरंच थांबलं. "भाऊ, पाट शे. तठे जिनना मोठा लाइट शे." म्हणजे पाट आहे आणि तिथे कापसाच्या जिनिंग मिलचा मोठा दिवा आहे.

ती सुरतेत वाढलेली, सासरच्या गावी फक्त कानबाईला येणारी. त्या रस्त्यांची तिला ओळख नव्हती. पिंप्रीला निघाले होते, पिंप्रीत नव्हतेच. रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला आणि मोटरसायकल घसरली. मी तिला मोबाइलची बॅटरी लावून रस्त्याच्या कडेने चालायला सांगितलं, किलोमीटरचा दगड शोध म्हटलं. दगड गवतात पार बुडालेला. तिने हाताने गवत बाजूला केलेलं मला फोनवर ऐकू आलं. मग ती वाचायला लागली, एकेक अक्षर सुटं करून: "अ-म-ळ-ने-र. चौदा."

बस्स. पाट, जिन आणि अमळनेर १४. पुढच्या नऊ मिनिटांत गाडी तिथे होती, मागोमाग १०८. नवऱ्याचा पाय दोन जागी मोडला होता. पुढे धुळ्याला नेलं, एवढं गाडीवरच्या हवालदाराने सांगितलं म्हणून कळलं. एरवी आम्हाला पुढचं कळत नाही. इव्हेंट बंद होतो आणि दुसरा पडतो.

लोक आमच्यावर चिडतात. "पत्ता काय विचारत बसलात, आधी गाडी पाठवा!" त्यांचा राग मला कळतो, समोर आपला माणूस पडलेला असतो. पण फोन कधीही तुटू शकतो. बॅटरी जाते, रेंज जाते, कुणी हातातून फोन हिसकावतो. ठिकाण कळलेलं असेल तर फोन तुटल्यावरही गाडी येते. म्हणून आधी कुठे, मग काय झालं. फाटा, पाट, जिन, देऊळ, केळीचं गोदाम, पेट्रोल पंप, विजेच्या खांबावरचा नंबर, काहीही चालेल.

पण सगळा भार फोन करणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. घाबरलेला माणूस आईच्या भाषेत बोलतो. अमळनेर-चाळीसगावकडचा अहिराणीत बोलेल, रावेर-यावलचा लेवा बोलीत, धडगाव-अक्कलकुव्याचा पावरी नाहीतर भिलीत. पहिला आवाज त्याला परका वाटला की तो "हो साहेब" म्हणत राहतो आणि आम्ही चुकीची पिंप्री गाठतो. नंदुरबारच्या कंट्रोलला माझा एक मित्र आहे. तो सांगतो, सातपुड्यात कागदावर गाव एक असतं आणि पाडे आठ-दहा, डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेले. रस्ता पाड्यापर्यंत पोचत नाही, पेशंटला बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागतं. कुठल्या वाटेने आणताहेत हे पावरीत विचारणारा त्यांच्याकडे एकच शिपाई आहे. तो रजेवर गेला की सगळे हवालदिल. सीमेवर तर आणखीच गुंता. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथे शेजारच्या राज्याचा टॉवर पकडला तर फोन पलीकडच्या केंद्रात जाणार.

माझी मागणी सरळ आहे. पहिला फोन उचलणाऱ्यांत खान्देशातली, आदिवासी पट्ट्यातली मुलं-मुली हवीत, प्रत्येक शिफ्टला. इंग्रजी-हिंदी येतं का हे भरतीत विचारता, तसं अहिराणी, पावरी येते का हेही विचारा आणि येत असेल तर त्याचे मार्क द्या. ही भाषा बोलणारी शिकलेली पोरं आपल्याकडे ढिगाने आहेत.

आणि गावकऱ्यांनो, तुमच्या फाट्यावरची पाटी जागेवर आहे का ते एकदा बघा. आमच्या गावची गेल्या पावसाळ्यात आडवी झाली, ती अजून तशीच आहे. येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही चार-पाच जण ती उभी करणार आहोत, किलोमीटरच्या दगडांभोवतीचं गवतही काढणार आहोत. गावातल्या ज्याला जमेल त्याने विळा आणि फावडं घेऊन फाट्यावर यावं.